हाका, चिठ्ठ्या आणि अभ्यासाचे तीन ढीग

श्रोतेहो, नमस्कार. मूल घरी शिकू लागलं की पालक थकतात आणि खापर फुटतं अभ्यासाच्या ओझ्यावर. खरा जाच बहुधा वेगळाच असतो: दर पाच-दहा मिनिटांनी येणारी हाक, "आई, हे कसं करू?" उत्तर अर्ध्या मिनिटाचं, पण हातातल्या कामाचा तुटलेला धागा जुळवायला त्याहून कितीतरी जास्त वेळ जातो. बेरी आणि जोन्स या संशोधकांनी १९९५ साली पालकांचा ताण मोजण्यासाठी १८ विधानांची प्रश्नावली मांडली. मुलांमुळे बाकीच्या जबाबदाऱ्यांचा मेळ घालणं कठीण जातं, हे विधान तिच्यातही आहे.

मुलाचं वय इथे फार फरक पाडतं. सहा-सात वर्षांच्या मुलाला लेखी सूचनाच नीट उलगडत नाही, म्हणून ते प्रत्येक प्रश्नाला अडतं. चौदा वर्षांच्या मुलाला सूचना कळते, पण ते सुरुवातच करत नाही. तिथे वाद होतात.

रात्री दहा मिनिटं काढा आणि उद्याच्या अभ्यासाचे तीन ढीग करा. एकट्याने जमेल तो पहिला. सुरुवात करून दिली की जमेल तो दुसरा. शेजारी बसावंच लागेल तो तिसरा, आणि त्यात दिवसाला एक-दोनच गोष्टी ठेवा. दुसऱ्या ढिगासाठी पहिली पाच मिनिटं द्या: सूचना मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या, पहिलं उदाहरण तुमच्यासमोर सोडवू द्या, मग उठा. पुढे अडलं तर हाक नाही. प्रश्न चिठ्ठीवर लिहायचा आणि पुढचा सोडवायचा. लिहिता येत नसेल तर प्रश्नाभोवती गोल करायचा. चिठ्ठ्या दर अर्ध्या तासाने बघा, लहानग्यांच्या पंधरा मिनिटांनी. गजर लावाच. दोनदा वेळ चुकवलीत की हाका पुन्हा सुरू!

आईबाबा दोघंही घरी असले, तरी हाक बहुतेकदा एकालाच येते. "गणित तुझं, भाषा माझी" अशी वाटणी इथे फसते, कारण आत्ता कोणाला विचारायचं हे मुलाला कळत नाही. त्यापेक्षा तास वाटून घ्या आणि ते भिंतीवर लावा. ज्याचा तास नाही, त्याने खरोखरच मध्ये पडू नये. हे बोलण्याइतकं सोपं नाही.

आठवडाभर तिसराच ढीग सर्वांत मोठा राहिला, तर अभ्यास मुलाच्या आवाक्याबाहेरचा असू शकतो. अशा वेळी आणखी वेळ देत बसू नका. तो ढीगच शिक्षकांना दाखवा.