अर्जन सिंग आणि तो गाजलेला तास

हवाईदल प्रमुख अर्जन सिंगांचं नाव निघालं की १९६५च्या भारत-पाक युद्धातला एक प्रसंग हमखास सांगितला जातो. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांनी विचारलं, लष्कराच्या मदतीला यायला हवाईदलाला किती वेळ लागेल? उत्तर आलं, एक तास. आणि तासाभरात विमानं उडाली. इथे टाळ्या पडतात, आणि पडायलाच हव्यात. पण त्या तासात कोणती विमानं उडाली, हे सहसा कुणी सांगत नाही. मला आज त्याबद्दल बोलायचं आहे.

त्याआधी माणूस थोडा पाहू. जन्म १९१९चा, लायलपूरचा. इंग्लंडमधल्या क्रॅनवेलच्या हवाईदल महाविद्यालयात शिक्षण झालं आणि १९३९च्या डिसेंबरात कमिशन मिळालं. मग रवानगी वायव्य सरहद्दीवर. तिथे टोळीवाल्यांच्या गोळीबारात विमान निकामी झालं, ते त्यांनी कोरड्या ओढ्यात उतरवलं. मागच्या सीटवरचा गनर उडी मारून पळत सुटला, तो नेमका टोळीवाल्यांच्याच दिशेने! अर्जन सिंगांनी धावत जाऊन त्याला मागे वळवलं. १९४४ साली इंफाळच्या लढाईत ते एक नंबर स्क्वाड्रनचे प्रमुख होते. हरिकेन विमानं, समोर जपानी फौज. तिथेच त्यांना डीएफसी (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस) हे ब्रिटिश शौर्यपदक मिळालं. १९६४च्या ऑगस्टमध्ये ते हवाईदल प्रमुख झाले तेव्हा वय होतं ४५.

पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये कच्छच्या रणात चकमकी झाल्या. पाकिस्तानचे हवाईदल प्रमुख असगर खान यांनी अर्जन सिंगांना फोन केला आणि दोघांनी आपापली विमानं या भांडणाबाहेर ठेवायचं ठरवलं. फाळणीपूर्वी दोघे एकाच हवाईदलात होते, म्हणून असा फोन होऊ शकला. जुलैमध्ये असगर खान निवृत्त झाले, नूर खान आले, आणि तो धागा तुटला.

एक सप्टेंबरला पहाटे जम्मू भागातल्या छांबमध्ये पाकिस्तानचे रणगाडे घुसले. रोख अखनूरवर होता. तिथला चिनाबवरचा पूल गेला असता तर राजौरी-पूंछकडचा रस्ताच तुटला असता. लष्करप्रमुख चौधरी आणि अर्जन सिंग यशवंतरावांकडे पोहोचले तेव्हा दुपारचे चार वाजत आले होते. होकार मिळाला आणि सव्वापाचच्या सुमारास पठाणकोटहून पहिली विमानं निघाली.

ती होती व्हँपायर. या विमानाचा आराखडा दुसऱ्या महायुद्धातला; वैमानिक बसतो तो पुढचा सांगाडा चक्क प्लायवूड आणि बाल्साच्या लाकडाचा. समोर पाकिस्तानची सेबर ही अमेरिकी लढाऊ जेट विमानं. संध्याकाळची तिरपी उन्हं, खाली धुरळा, आणि आपले रणगाडे कुठे संपतात नि त्यांचे कुठे सुरू होतात हे वरून सांगणारं कुणी नाही. चार व्हँपायर पाडली गेली. पाठोपाठ आलेल्या आपल्या मिस्टेअर या फ्रेंच बनावटीच्या विमानांनी काही रणगाडे टिपले, पण काही मारा आपल्याच जवानांवर झाला. त्यानंतर व्हँपायर आघाडीवरून काढून घेण्यात आली.

मग निर्णय चुकला का? माझ्या मते नाही. दिवस मावळायला आला होता, अखनूर धोक्यात होतं, आणि जे हाताशी आहे तेच पाठवावं लागतं. चूक आधीची होती. लष्कर आणि हवाईदल यांची मिळून आखलेली योजना नव्हती. ती असती, तर हा प्रश्न दुपारी चारला नव्हे, सकाळीच यशवंतरावांपुढे आला असता. या त्रुटीचा वाटा एका माणसाच्या पदरात टाकता येत नाही, पण प्रमुख म्हणून अर्जन सिंगांना त्यातून पूर्ण सूटही देता येत नाही.

सहा सप्टेंबरच्या संध्याकाळी तर पठाणकोटच्या तळावरच सेबर विमानं तुटून पडली. तळावर गस्तीची विमानं नव्हती. जमिनीवर उभी असलेली आपली दहाएक विमानं जळाली, त्यात नवीकोरी मिगही होती. दुसऱ्या दिवशी पश्चिम बंगालमधल्या कलाईकुंडा तळावर तसाच हल्ला झाला. पूर्वेकडे प्रतिहल्ला वाढवायचा नाही, असं सरकारचं धोरण होतं आणि हवाईदलाला ते पाळावं लागलं. पश्चिमेला मात्र पाकिस्तानच्या सरगोधा हवाई तळावर चढाई झाली आणि युद्धबंदीपर्यंत आपली विमानं लढत राहिली.

तेव्हा त्यांचे उपप्रमुख होते प्रताप चंद्र लाल. १९६९ साली अर्जन सिंगांनंतर तेच प्रमुख झाले. विमानं विखरून ठेवणं, काँक्रीटचे निवारे, तळांभोवतीचा पहारा, हे सगळं पठाणकोट पाहिलेल्या या पिढीने मनावर घेतलं. ३ डिसेंबर १९७१च्या संध्याकाळी पाकिस्तानने पुन्हा पठाणकोटसह अनेक तळांवर अचानक हल्ले केले. धावपट्ट्यांना खड्डे पडले, विमानं मात्र जवळपास सगळी शाबूत राहिली. अर्जन सिंग त्या वर्षी स्वित्झर्लंडमध्ये भारताचे राजदूत होते.