पोहणाऱ्याच्या सोबतची होडी: धरमतर ते गेटवे

[कॅमेऱ्यासमोर]

नमस्कार मंडळी. कुणी एखाद्या संस्थेसाठी निधी उभा करायला समुद्र पोहून जातं, तेव्हा हार पोहणाऱ्याच्या गळ्यात पडतात आणि ते योग्यच आहे. पण त्याच्या शेजारून रात्रभर एक होडी चालत असते. तिच्यातल्या माणसांनी नेमकं काय करायचं, हे आपल्याकडे कुणी नीट सांगत नाही. ‘चल की सोबत, होडीत बसायचंच तर आहे,’ असं म्हणून लोकांना घेऊन जातात. होडीत बसायचं नसतं. काम असतं, आणि ते आज सविस्तर बघू.

आपण रायगड जिल्ह्यातलं धरमतर ते मुंबईचं गेटवे ऑफ इंडिया हा मार्ग धरू. साधारण 35-36 किलोमीटर. महाराष्ट्रातल्या लांब पल्ल्याच्या पोहणाऱ्यांची ही जुनी वाट. चांगल्या पोहणाऱ्याला आठ-दहा तास लागतात आणि त्यातले बरेच तास अंधाराचे असतात. परवानग्या, बंदराला आणि पोलिसांना कळवणं, जलतरण संघटनेचा निरीक्षक बोलावणं हे सगळं आधी झालंय असं धरून चालू.

होडी सुटण्याआधी एक गोष्ट ठरलेली हवी. ‘बस, आता पाण्याबाहेर’ हे कोण म्हणणार? एकच माणूस. त्याने म्हटलं की वाद नाही, मतदान नाही. आईवडील होडीत असले तर असू द्या, पण हा अधिकार त्यांच्याकडे नको. पोर पाण्यात आणि आपण काठावर, अशा वेळी कुणाचंही मन ताळ्यावर राहत नाही.

निधीसाठीच्या पोहण्यात तर हे जास्तच अवघड होतं. समजा पोहणारी मुलगी 19 वर्षांची आहे. गावात बॅनर लागलेत, शाळेतल्या मुलांनी खाऊचे पैसे दिलेत. तिला वाटतं, मी मध्येच वर आले तर त्या पैशांचं काय? हा विचार डोक्यात असलेला पोहणारा आपला त्रास लपवतो. म्हणून देणगी मागतानाच स्पष्ट लिहा: पैसे पोहायला उतरल्याबद्दल आहेत, गेटवेला पोचल्याबद्दल नाहीत. किलोमीटरमागे इतके रुपये, ही पद्धत मला मुळीच मान्य नाही. थकलेल्या पोरीच्या पाठीवर आपण ते ओझं बांधतो.

[पडद्यावर: धरमतर खाडी, रेवस, करंजा आणि गेटवे दाखवणारा नकाशा]

आता मार्ग. धरमतरच्या जेट्टीवरून सुटायचं ते भरती पूर्ण होऊन पाणी उतरायला लागलं की. ओहोटी तुम्हाला खाडीतून बाहेर काढते. खाडीच्या तोंडाशी रेवस आणि करंजाच्या मधून मोकळ्या पाण्यात यायचं आणि पुढच्या भरतीबरोबर बंदरात शिरायचं. वेळ चुकली आणि पाणी फिरलं तेव्हा तुम्ही अजून खाडीतच असलात, तर भरती मागे ढकलते. मुलगी हात मारत राहते आणि काठावरचा दिवा जागचा हलत नाही. म्हणून तारीख हॉलच्या किंवा पाहुण्यांच्या सोयीने ठरवू नका. तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्याला, विचारून ठरवा.

आणि तांडेल त्याच पाण्यातला घ्या. त्या खाडीत डोलीची, म्हणजे खुंटांना बांधून ठेवलेली, जाळी लावलेली असतात, खुंट असतात, दोर असतात. रात्री तुम्हाला-मला ते दिसत नाही. तिथल्या कोळ्याला ते पाठ असतं. पुढे मोठ्या जहाजांचा मार्ग ओलांडायचा असतो. न्हावा शेवा बंदराला जाणारं कंटेनर जहाज तुमच्यासाठी थांबू शकत नाही, त्याला चटकन वळताही येत नाही. म्हणून व्हीएचएफ, म्हणजे जहाजांशी बोलायचा रेडिओ चालू, त्याच्या 16 नंबरच्या चॅनेलवर कान, आणि जहाज यायचं असेल तर पोहणाऱ्याला आधीच थांबवायचं.

होडी कुठे ठेवायची? पोहणारी ज्या बाजूला मान वळवून श्वास घेते त्या बाजूला, म्हणजे प्रत्येक श्वासाला तिला होडी दिसते आणि तिला मान वर काढून दिशा शोधावी लागत नाही. पोहणारी होडीच्या मध्याच्या समोर हवी, मागे इंजिनाच्या पंख्याजवळ कधीच नको. दिव्याचा झोत तिच्या डोळ्यांवर नको, होडीच्या कडेवर पाडा. तिच्या टोपीला आणि पोशाखाला मागून चमकणारी कांडी लावा. आणि डिझेलचा धूर! वारा होडीकडून तिच्याकडे असेल तर लाटा अडतात, पण धूर थेट तिच्या नाकात जातो, शिवाय होडी वाऱ्याने तिच्या अंगावर सरकते. असं झालं की मळमळ, मग उलटी, मग पोटात काही टिकत नाही. तांडेलाला बाजू बदलायला सांगा. संकोच करू नका.

[पडद्यावर: दोरी बांधलेली बाटली]

खाणं. साधारण अर्ध्या-पाऊण तासाने. नियमाप्रमाणे तिने होडीला हात लावायचा नाही, तुम्ही तिला धरायचं नाही, नाहीतर पोहणं बाद. म्हणून बाटलीच्या गळ्याला दोरी बांधून ती पाण्यात टाकायची. हे पाहा, दोरी अशी सैल हवी. ताणली तर होडी तिला ओढतेय असं होतं. इंजिन न्यूट्रलला घेतल्याशिवाय बाटली टाकायची नाही. ती जागच्या जागी पाय मारत पिते, बाटली सोडते, तुम्ही ओढून घेता. मिनिटभरात सगळं झालं पाहिजे, कारण थांबलेल्या अंगातली ऊब लवकर जाते. लिंबू-साखर-मिठाचं पाणी, पिकल्या केळ्याचे लहान तुकडे चालतात. खाऱ्या पाण्याने जीभ आणि तोंड सोलवटतं, त्यामुळे उत्तरार्धात टणक काही देऊ नका.

याच मिनिटात तिला एक साधा प्रश्न विचारायचा. धाकट्या भावाचं नाव काय? काल रात्री काय जेवलीस? उत्तर अडखळत आलं, किंवा आलंच नाही, तर वहीत नोंद करा आणि ज्याच्या हातात निर्णय आहे त्याला सांगा.

‘आलंच, आलंच’ असं मात्र म्हणू नका. ताजचा घुमट दिसायला लागला तरी बरंच अंतर उरलेलं असतं. एकदा खोटं सांगितलंत की तुमच्या पुढच्या शब्दावर तिचा विश्वास राहत नाही.

मधल्या वेळात हात मोजायचे, म्हणजे ती मिनिटाला किती हात मारते ते. घड्याळ धरून मिनिटभर एकच हात मोजा आणि दुप्पट करा. समजा सुरुवातीला 62 होते आणि तीन तासांनी 58 झाले, तर ते साहजिक आहे. पण 58 वरून अर्ध्या तासात 48 झाले, तर काहीतरी बिनसलंय. चेहरा नीट दिसत नसताना हा आकडा बोलतो.

आपलं पाणी कोमट, थंडीचा काय प्रश्न, असं समजू नका. अंगापेक्षा ते थंडच असतं आणि तासन्‌तास ते ऊब खेचत राहतं. उलट, गरम पाण्याचा धोकाही तितकाच खरा आहे. 2010 मध्ये संयुक्त अरब अमिरातीत फुजैराला जागतिक स्पर्धेत फ्रान क्रिपेन हा अमेरिकेचा नावाजलेला पोहणारा मरण पावला. तो स्पर्धा संपवून आला नाही हे सोबतच्या पोहणाऱ्यांच्या लक्षात आलं, आणि मग शोधाशोध झाली. पुढे खुल्या पाण्यातल्या स्पर्धांसाठी तापमानाची कमाल मर्यादा 31 अंश सेल्सिअस ठरली. इतका तयारीचा माणूस, आणि त्या क्षणी त्याच्यावर कुणाची नजर नव्हती. म्हणून होडीतली डोळ्यांची एक जोडी सतत पाण्यावर. दर अर्ध्या तासाने माणूस बदला, आणि नजर असलेल्याच्या हातात फोन नको.

बाहेर काढायची वेळ आली तर आधी इंजिन बंद. तिला पंख्यापासून लांबच्या कडेने, दोन-तीन जणांनी शक्यतो आडवं ठेवून वर घ्यायचं. एकदम उभं करू नका. थंडीने गारठलेल्याला उभं केलं की रक्तदाब कोसळू शकतो. ओले कपडे काढा, कोरडं गुंडाळा, हातपाय चोळू नका. पूर्ण शुद्धीत असेल तरच गरम गोड काहीतरी घोटघोट द्या.

आणि सगळं सुरळीत होऊन ती गेटवेला लागली, तरी तुमचं काम चालूच. पायऱ्यांना शेवाळ असतं आणि ती कित्येक तास पायांवर उभी राहिलेली नाही. दोघे जण आधीच खालच्या पायरीवर उतरून थांबा. फोटोवाल्यांना वर थांबवा. पुढचा अर्धा तास तिच्यासोबत एक माणूस फक्त तिच्याकडे बघणारा ठेवा, कारण पाण्याबाहेर आल्यावरही अंगाचं तापमान काही वेळ उतरत राहू शकतं.

पुढच्या भागात दोर आणि रिंग नेमकी कशी फेकायची, ते होडीवरूनच प्रत्यक्ष करून दाखवते.