नाव कळलं, म्हणजे कारण कळलं का?

(ठाण्यात, नौपाड्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. ठाणेकरांसमोर मनोविकारांवर बोलायचं तर प्रस्तावना लागत नाही. ‘मी ठाण्याला असतो’ असं सांगितलं, की लग्नकार्यात भेटलेला एखादा लांबचा काका ‘आत की बाहेर?’ असं विचारून स्वतःच हसतो. तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी तो विनोद सहन केलेला असणार. तर ते आपलं मनोरुग्णालय १९०१ सालचं. त्याच्या दोनच वर्षं आधी, १८९९मध्ये, जर्मनीत एमिल क्रेपेलिन या मानसोपचारतज्ज्ञांच्या पाठ्यपुस्तकाची सहावी आवृत्ती निघाली आणि तिच्यात त्यांनी गंभीर मनोविकारांचे दोन मोठे गट पाडले. आजही मानसोपचाराची बरीचशी इमारत त्या विभागणीवर उभी आहे.

क्रेपेलिन यांच्याकडे काय होतं? तपासणीचं यंत्र नव्हतं. प्रत्येक रुग्णामागे एक कार्ड होतं. लक्षणं काय, सुरुवात कधी झाली, पुढे वर्षानुवर्षं काय झालं, हे सगळं त्यावर. ती कार्डं चाळताना त्यांना दिसलं, की काहींचा आजार लाटेसारखा येतो आणि ओसरतो. मधल्या काळात माणूस ठीक असतो. दुसऱ्यांचा तरुणपणी सुरू होतो आणि माणूस हळूहळू खालावत जातो. पहिल्या गटातून आजचा बायपोलर आला, म्हणजे कधी उदासी तर कधी मॅनिया (अतिउत्साहाचा झटका) असा आजार. दुसऱ्याला ब्लॉयलर या स्विस मानसोपचारतज्ज्ञांनी १९०८मध्ये स्किझोफ्रेनिया हे नवीन नाव दिलं, कारण सगळेच रुग्ण खालावत नाहीत, काही चांगले सुधारतात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

यात कारण कुठेही नाही, हे लक्षात घ्या. मेंदूत काय बिघडलं हे कुणालाच माहीत नव्हतं. दिसतं काय आणि पुढे होतं काय, एवढ्यावर नाव दिलं गेलं. पावसाळ्यात आपल्याकडे ताप आला की डॉक्टर रक्त तपासायला पाठवतात. मलेरिया, डेंग्यू की लेप्टो ते कळतं. पण एके काळी ‘ताप’ हेच निदान होतं. थंडी वाजून येणारा, एक दिवसाआड येणारा, मुदतीचा, असे त्याचे प्रकार. आज आपण डिप्रेशन, ओसीडी (तेच विचार, तीच कृती पुन्हा पुन्हा), पॅनिक ही नावं देतो ती बऱ्याच अंशी अशीच. डिप्रेशन ठरवणारी रक्ततपासणी नाही. थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह तपासतात ते दुसरं काही नाही ना हे बघायला.

म्हणूनच ओपीडीत एक संवाद फार गमतीशीर होतो. बायको विचारते, ‘डॉक्टर, हे असे का वागतात?’ डॉक्टर सांगतात, ‘डिप्रेशन आहे.’ ‘हो का? पण ते कशावरून?’ ‘ते असे वागतात ना, त्यावरून.’ घरच्यांना वाटतं, कारण सापडलं. सापडलं काही नाही, गोल फिरून आपण तिथेच आलो. कारणं आनुवंशिकतेत असतील, लहानपणी सोसलेल्या गोष्टींत असतील, गेलेल्या नोकरीत असतील, दारूत असतील. बहुतेक वेळा तीनचार एकत्र असतात. ती त्या माणसाशी बोलूनच शोधावी लागतात. नाव ती शोधून देत नाही.

कारण हाती लागलं तेव्हा काय झालं, तेही ऐका. क्रेपेलिन यांच्या काळी युरोपातल्या वेड्यांच्या इस्पितळांत एक आजार सर्रास दिसे. चांगला कर्ता पुरुष अचानक मोठमोठ्या बाता मारू लागे, पैसे उधळे, मग बोलणं अडखळे, चालणं बिघडे आणि काही वर्षांत मृत्यू. १९१३मध्ये नोगुची आणि मूर या संशोधकांना अशा रुग्णांच्या मेंदूत सिफिलिसचे जंतू सापडले. पुढे पेनिसिलिन आलं आणि तो आजार मनोरुग्णालयांतून जवळजवळ नाहीसा झाला. पेलाग्राचंही तसंच. नायसिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेने त्वचा काळवंडते, जुलाब होतात, भ्रम होतो. ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या दख्खनच्या गरीब लोकांत तो आढळायचा. हैदराबादला डॉ. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर काम केलं. (ज्वारी सोडू नका, भाकरीबरोबर डाळ, दूध, शेंगदाणे खा एवढंच.) म्हणजे आमच्या खात्याचं दुर्दैव बघा, कारण कळलं की आजार दुसऱ्या खात्यात जातो!

ज्यांचं कारण कळलेलं नाही त्या उरलेल्या मनोविकारांची नावं आणि निकष देणाऱ्या दोन मोठ्या याद्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी, जिची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२पासून लागू झाली, आणि अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांची डीएसएम. डीएसएमला आजचं रूप आलं ते १९८०च्या तिसऱ्या आवृत्तीत. त्याआधी पंचाईत अशी होती, की साधारण सारखीच लक्षणं असलेल्या रुग्णांना न्यूयॉर्कमध्ये स्किझोफ्रेनिया म्हणत आणि लंडनमध्ये डिप्रेशन किंवा मॅनिया. आजार बदलत नव्हता, डॉक्टर बदलत होते. मग रॉबर्ट स्पिट्झर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या पुढाकाराने नियम ठरले. उदाहरणार्थ डिप्रेशन: नऊ लक्षणांपैकी किमान पाच, किमान दोन आठवडे, आणि त्यांत उदासी किंवा कशातच रस न वाटणं यांपैकी एक हवंच.

आता जरा हिशेब करा. नऊपैकी पाच मला आहेत, नऊपैकी पाच तुम्हाला आहेत. आपल्या दोघांत एकच लक्षण समान असू शकतं. एकाला झोप नाही, भूक नाही. दुसरा दिवसभर झोपतो आणि सारखं खातो. निदान एकच. डीएसएमच्या पाचव्या आवृत्तीआधी दोन डॉक्टरांचं निदान किती जुळतं ते तपासलं गेलं. पूर्ण एकमताला १ आणि निव्वळ योगायोगाला ० धरलं, तर डिप्रेशनचा आकडा ०.२८ आला. आघातानंतरच्या तणावविकाराचा, म्हणजे पीटीएसडीचा, ०.६७. नियम लिहिले म्हणून सगळं पक्कं झालं असं नाही.

सीमारेषाही सरकतात. समलैंगिकता अमेरिकन यादीतून १९७३मध्ये निघाली, आयसीडीतून १९९०मध्ये. ती माणसं आजारी नव्हतीच. यादी करणारे त्या काळच्या समाजातले होते. आपल्या २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ३ मला म्हणूनच फार आवडतं. निदान मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांवरच व्हावं, जात-धर्म किंवा समाजाच्या नीतिकल्पनांशी न जुळणं हा निकष असू नये, असं ते सांगतं. घरच्यांना पसंत नसलेलं लग्न हे वेडाचं लक्षण नाही, हे कायद्याने लिहून ठेवावं लागलं.

दुःखाचं बघा. जवळचं माणूस गेल्यावर किती महिने रडणं नॉर्मल? लांबलेल्या शोकाचं निदान आता दोन्ही याद्यांत आहे, पण आयसीडी म्हणते किमान सहा महिने आणि डीएसएम मोठ्या माणसांसाठी बारा. आपल्याकडे वर्षश्राद्ध होईपर्यंत घरात सण करत नाहीत. मग सातव्या महिन्यात दिवाळीला कंदील न लावणारी आजी आजारी का? नाही. त्या समाजाच्या रीतीपेक्षा दुःख स्पष्टपणे जास्त लांबलेलं असावं, अशी अट आयसीडीने घातली आहे. पण तीच आजी दीड वर्षानंतरही आजोबांचं ताट वाढून बसत असेल, बाहेर पडत नसेल, स्वतः नीट जेवत नसेल, तर ‘वयच झालं’ म्हणून सोडून देऊ नका.

मग एवढं कच्चं असताना नाव द्यायचंच कशाला? कारण औषध त्यावर ठरतं. समोर उदास बसलेला माणूस डिप्रेशनचाही असू शकतो, बायपोलरचाही. बायपोलरच्या माणसाला नुसतं डिप्रेशनचं औषध दिलं तर तो मॅनियात जाऊ शकतो; तिथे लिथियमसारखी मनःस्थिती स्थिर ठेवणारी औषधं लागतात. आजच्या उदासीकडे बघून हा फरक कळत नाही, मागचा इतिहास विचारावा लागतो. म्हणून डॉक्टरांनी विचारलं, की पूर्वी कधी तीन-तीन तास झोपूनही हे ताजेतवाने असायचे का, भरमसाट खरेदी, अखंड बडबड असे दिवस होते का, तर कृपा करून खरं सांगा. ‘तेव्हा फार उत्साही होता हो’ यापुढे घरचे काही बोलत नाहीत. क्रेपेलिन यांच्या कार्डावरचा सगळ्यात महत्त्वाचा रकाना तुमच्याच हातात आहे.

तुमच्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या आल्या आहेत. पहिली: ‘एकदा फाइलवर लिहिलं की जन्माचा शिक्का बसतो का?’ कायद्याने नाही. पूर्वी उपचार घेतले, दाखल होता, एवढ्याच आधारावर आज कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही, असं मघाच्या कलम ३मध्येच आहे. सोसायटीतल्या लोकांना कलम माहीत नसतं, ही अडचण वेगळी.

दुसरी चिठ्ठी खारघरहून आलेल्या एका आईची दिसते. ‘दहावीतला मुलगा रोज तीन तास गेम खेळतो. हा गेमिंग डिसऑर्डर का?’ आयसीडी-११मध्ये हे निदान आहे खरं. पण त्यात तास मोजलेले नाहीत. खेळण्यावरचा ताबा सुटलेला, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वरचढ झालेला, नुकसान दिसत असूनही चालूच, शाळा-घर-मैत्री यांवर ठळक परिणाम, आणि हे साधारण बारा महिने. मुलगा शाळेत जातो, मित्रांत मिसळतो, हाक मारली की कुरकुरत का होईना जेवायला येतो? मग निदानाची घाई नको, तासांबद्दल त्याच्याशीच बोला. हाक मारूनही कित्येक दिवस जेवायला आला नसेल, तर मात्र मला किंवा दुसऱ्या कुणाला दाखवा, आणि येताना त्यालाही बरोबर आणा. बऱ्याचदा आईच एकटी येते.