मुकादमाची वही

(सांगलीत एका रविवारी संध्याकाळी झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय 'संगणकावरचे युद्धनीतीचे खेळ : नवोदितांसाठी'. तो वाचून मागच्या रांगेत दोन निवृत्त सुभेदार येऊन बसलेत, हे मला इथून दिसतंय. त्यांना आधीच सांगून टाकतो, मी शाळेत एनसीसीची परेडसुद्धा धड केलेली नाही. मार्केट यार्डात हळदीच्या आडत दुकानात मी हिशेब लिहितो. आज सांगणार आहे तेही बरंचसं हिशेबाचंच आहे, त्यामुळे उठून जायचं असेल तर आत्ताच जा, मी वाईट वाटून घेणार नाही.

खेळाचं नाव 'बॅटल ब्रदर्स'. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात ओव्हरहाइप स्टुडिओज म्हणून छोटीशी कंपनी आहे, तिनं तो केला. 2017 च्या मार्चमध्ये पूर्ण झालेला खेळ बाजारात आला. जुन्या युरोपसारखा मुलूख आहे. गावं, गढ्या, जंगल, दलदल, बर्फ. तुम्ही भाडोत्री लढवय्यांच्या टोळीचे म्होरके. सुरुवातीलाच जुना म्होरक्या मारला जातो, तीन माणसं उरतात आणि टोळी तुमच्या गळ्यात पडते. पडद्यावर ही माणसं कमरेपर्यंतच दिसतात. पाय नाहीत कुणालाच. षटकोनी घरांच्या पटावर उभी असतात, अगदी प्याद्यांसारखी.

प्यादी म्हटलं की सांगलीकराचे कान टवकारतात. साहजिकच आहे. 1941 पासून इथं नूतन बुद्धिबळ मंडळ आहे, भाऊसाहेब पडसलगीकरांनी पिढ्याच्या पिढ्या पटाला बसवल्या, भाग्यश्री ठिपसे, स्वाती घाटे याच मातीतल्या. आमच्या घरातही पट होता. प्यादं देऊन दोन चाली मिळवायच्या, हे मी चौथीत शिकलो. तोच हात घेऊन मी या खेळात उतरलो आणि नवव्या दिवशी माझी टोळी संपली.

का संपली? बुद्धिबळात दिलेलं प्यादं डाव संपला की डब्यात परत येतं. इथलं येत नाही. त्याला नाव असतं, रोजचा पगार असतो, पोट असतं. मेला तो मेला. खेळात मेलेल्यांची एक नोंदवही आहे. नाव काय, टोळीत किती दिवस होता, किती लढाया लढला, किती जणांना मारलं आणि कशानं गेला. माझ्या त्या पहिल्या वहीत सहा नावं होती. त्यातल्या चौघांच्या नावापुढं मारलेल्यांचा आकडा शून्य.

तेव्हा मला आमच्याकडच्या ऊसतोडीच्या मुकादमाची आठवण झाली. हंगामाआधी तो उचल देतो, कोयते, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोड्या, बांधतो, टोळी घेऊन फडावर येतो. कुठला कोयता मधेच पळून जाईल, कुणाचा बैल आजारी पडला, कुणाच्या घरी बाळंतपण आहे, कारखान्याकडून पैसे कधी सुटणार, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं. त्याला कुणी शूर म्हणत नाही. टोळी हंगामाच्या शेवटापर्यंत टिकली की त्याचं साधलं. या खेळात पहिले वीस-पंचवीस दिवस तुम्ही हा माणूस आहात. सेनापती व्हायचं असेल तर पुढं व्हा.

आता माणसं घेण्याचं बघू. गावात गेलात की कामाला तयार असलेल्यांची यादी मिळते. रोजंदारीवाला, शेतमजूर, कोळी, शिकारी, भिकारी, चोर, आणि मोठ्या गावात एखादा अट्टल योद्धा, नाहीतर घर सोडून आलेला सरदारपुत्र. नवा खेळाडू काय करतो? असेल नसेल तेवढा पैसा त्या एका योद्ध्यावर ओततो. मीही ओतला. तो दणकट होता, दोन माणसांचं काम करायचा, पण त्याच्या पगारात माझी बाकीची टोळी उपाशी. शिवाय एकटा माणूस पुढं गेला की चहूबाजूंनी घेरला जातो, आणि घेरलेल्याला वार लागायची शक्यता प्रत्येक वाढीव शत्रूगणिक वाढते. रणात एका वेळी 12 माणसं उभी करता येतात. तिथवर लवकर पोचणं हे त्या एका वीरापेक्षा फार मोलाचं. शेतमजूर घ्या, अंगानं भक्कम असतात. गावच्या शिबंदीत राहून आलेला मिळाला तर सोडू नका.

एक बारीक गोष्ट बरेच जण बघत नाहीत. माणूस ठेवताना जी रक्कम मोजता, तीत त्याच्या अंगावरच्या सामानाची किंमत धरलेली असते. आपल्याकडं शिलेदार आणि बारगीर हा फरक होताच की. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार घेऊन यायचा, बारगिराला ते सरकारातून मिळायचं. तेव्हा समोरचा महाग का आहे, हे बघा. हाताला जोर आहे म्हणून, की अंगात बरं चिलखत आहे म्हणून? कधी कधी चिलखतासाठी माणूस घेणं परवडतं. वाईट वाटतं बोलायला, पण परवडतं.

आणि थोडे पैसे देऊन माणूस आधी आजमावताही येतो. यार्डात आम्ही पोत्यातलं हळकुंड मोडून आतला रंग बघतो, तसं. मग कळतं, हा दारुडा आहे, हा दमेकरी आहे, याची छाती लोहाराच्या भात्यासारखी आहे. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला आजमावत बसू नका, तेवढा पैसा नसतो. महागड्याला मात्र मोडून बघितल्याशिवाय घेऊ नका.

हत्याराचा प्रश्न सोपा आहे. नवख्याच्या एका हातात भाला, दुसऱ्या हातात ढाल. संपलं. भाल्याच्या साध्या घावाला नेम 20 टक्क्यांनी वाढतो, आणि नवख्याचं सगळ्यात मोठं दुखणं नेम हेच असतं. पोरांना दोन हातांची कुऱ्हाड आवडते, दिसतेही झकास, पण तिचा वार चुकला की त्या फेरीत दुसरा वार नाही. प्रत्येक फेरीला माणसाजवळ चालायला आणि वार करायला मिळून 9 गुण असतात. एका हाताच्या हत्याराचा वार बहुतेक वेळा 4 गुणांचा, म्हणजे दोन वार. दोन हातांच्या हत्याराला साधारण 6 लागतात, म्हणजे एकच. एक गोष्ट ध्यानात ठेवा, सांगाडे उठून लढायला आले तर भाला आणि बाण त्यांच्यावर फारसे चालत नाहीत. तिथं कुऱ्हाड किंवा गदा घेणारे दोघे-तिघे हवेत.

आता दम. सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. पैलवान ताकदीनं हरत नाही, दमानं हरतो. इथं प्रत्येक वार, प्रत्येक पाऊल, प्रत्येक वेळी ढाल वर करणं, सगळ्यानं थकवा चढतो. एका फेरीला थकव्याचे 15 अंक उतरतात. चिलखत जितकं जड, तितकी दमाची पिशवी लहान. नवखा खेळाडू पहिल्या तीन फेऱ्यांत सगळे गुण उधळतो, आणि सहाव्या फेरीला त्याची माणसं नुसती उभी असतात, हात उचलत नाही. तालमीतले वस्ताद ओरडतात ना, 'अरे दम धर, त्याला येऊ दे', तेच. शत्रूकडं तिरंदाज नसतील तर टेकाडावर उभे राहा आणि त्यांना चढून येऊ द्या. उंचावरून नेमही बरा लागतो आणि बचावही होतो. दलदलीत उतरून लढायचं असेल तर त्यापेक्षा न लढलेलं बरं.

पडद्यावर वार लागायची शक्यता दिसते. जास्तीत जास्त 95 टक्के. शंभर कधीच नाही. हे 95 बघून लोक सगळा डाव त्या एका वारावर टाकतात, तो चुकतो, आणि मग खेळ लबाड आहे म्हणून शिव्या देतात. मी दुकानात पंचवीस वर्षं काढली. वीस व्यापाऱ्यांत एक बुडवणारा असतोच, त्याला धरूनच उधारी द्यावी लागते.

पैसे आले की ते कुठं घालायचे? चिलखतात आणि टोपात. टोपात आधी. साधारण चारातला एक घाव डोक्यावर बसतो आणि तो दीडपट लागतो. उघड्या डोक्यानं उभा केलेला माणूस म्हणजे तुम्ही वहीत आधीच लिहून ठेवलेलं नाव.

पण बाजारातलं चिलखत महाग. म्हणून जाणकार खेळाडू एक युक्ती करतात, आणि माझ्या मते या खेळाचं सगळं मर्म तिच्यात आहे. दरोडेखोरांत काही जण बऱ्यापैकी चिलखत घातलेले असतात. त्याला कुऱ्हाडीनं, घणानं मारलंत तर माणूसही जातो आणि चिलखताच्याही चिंध्या होतात, हाती काही लागत नाही. त्याऐवजी त्याचे साथीदार आधी संपवा. तो एकटा उरला की तिघा-चौघांनी घेरा, जाळं असेल तर टाका, आणि कट्यारी काढा. कट्यारीचा एक खास वार आहे, तो चिलखताच्या फटीतून थेट अंगात जातो. नेम कमी लागतो, वेळ लागतो, तोवर तोही तुमच्यातल्या एखाद्याला जखमी करतो. पण तो पडला की चिलखत जवळजवळ अखंड मिळतं. अशी चार मिळाली की तुमची पुढची फळी तयार. त्या चार चिलखतांना गावात जेवढा पैसा पडला असता, तेवढा मिळवायला दहा मोहिमा लागल्या असत्या. हे बघून माझी बायको म्हणाली होती, तुम्ही लढाई करताय की जुन्या बाजारात फिरताय? दोन्ही, म्हटलं.

मोहिमा निवडताना कागदावर कवट्या असतात, एक ते तीन, जितक्या जास्त तितकं काम अवघड. सुरुवातीला एकच कवटी. सामान पोचवणं, काफिल्याला सोबत करणं, दरोडेखोरांचा अड्डा मोडणं. गॉब्लिन, म्हणजे ते हिरवे खुजे, लहान दिसतात म्हणून फसू नका. विषारी बाण मारतात आणि त्यांच्यावर आपला वार सहजी बसत नाही. ऑर्क म्हणजे हिरवे धिप्पाड राक्षस, त्यांच्या तरण्या पोरांचीसुद्धा एक धडक तुमच्या शेतमजुराला पुरते. त्यांची बातमी लागली तर पहिल्या महिन्यात वाट वाकडी करा. आणि लढाई हातची गेली असं दिसलं तर पटाच्या कडेकडं सरका, निघून जाता येतं. फक्त शत्रूच्या शेजारून पाय काढलात तर तो फुकटचा वार करतो, म्हणून उशीर व्हायच्या आत निघा. मागच्या रांगेतले सुभेदारसाहेब मान हलवतायत, म्हणजे हे तरी मी बरोबर बोललो.

किरकोळ गोष्टी पटकन सांगतो. डागडुजीची हत्यारं आणि औषधं कायम शिल्लक ठेवा, मोडक्या चिलखतानं दुसरी लढाई घेऊ नका. अन्न नासतं, फार साठवू नका. पगार थकला की माणसं नाराज होतात आणि एका सकाळी निघून जातात, यात तक्रार करण्यासारखं काही नाही. व्यापारही करता येतो. मी पहिल्याच दिवशी मालाची यादी हळदीसाठी चाळली. मीठ आहे, कातडी आहेत, रंग आहेत, अंबर आहे. हळद नाही! हॅम्बुर्गच्या मंडळींना एकदा यार्डात आणलं पाहिजे.

एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय. 'माणूस मेला की आधी साठवून ठेवलेल्या डावावर परत जावं का?' खेळ तशी सोय देतो, आणि ती बंद करायचीही सोय देतो. तुम्ही नवखे असाल तर खुशाल परत जा, शिकताना लाज कसली. मी आता जात नाही. कारण माझ्या टोळीत एक कोळी होता, त्याला मी कृष्णाकाठचं म्हणून 'किसन' असं नाव दिलं होतं, खेळात नावं बदलता येतात. त्याचा एक डोळा गेला. खेळात पडलेला माणूस कधी कधी वाचतो, पण कायमची खोट घेऊन. मी परत गेलो असतो तर डोळा वाचला असता. नाही गेलो. मग तो एकडोळ्या किसन साठ दिवस पुढच्या फळीत ढाल घेऊन उभा राहिला, नेम धड लागायचा नाही, पण हलायचा नाही. त्याच्यानंतर तिथं उभं करायला माणूस शोधताना मला तीन गावं पालथी घालावी लागली.

बरं, सभागृह आठपर्यंतच आपल्याकडं आहे आणि मागं भडंगाच्या पुड्या फोडल्याचा आवाज यायला लागलाय. प्रोजेक्टर लावलाच आहे, तर नवीन टोळी सुरू करू. ही बघा तीन माणसं. यातल्या या मधल्याचा नेम बरा दिसतोय. त्याला नाव सुचवा. बंड्या? कोण म्हणालं, बंड्या? ठीक. दुसरा? काकू, तुम्ही सांगा. नाही, मालकांचं नाव नको, हा पहिल्या आठवड्यात जायची शक्यता आहे. बघा विचार करून. तोवर मी बंड्यासाठी टोप कुठं मिळतो ते बघतो.