पिकाचा पाण्याचा ताण मोजणारी हातातली यंत्रे: आकडा किती खरा मानावा?

नमस्कार. पिकाला पाण्याचा ताण बसला आहे का, हे हातात मावणाऱ्या यंत्राने जागेवरच सांगावे, ही अपेक्षा रास्त आहे. असे यंत्र घेताना पहिला प्रश्न अचूकतेचा असतो आणि माहितीपत्रकात त्याचे उत्तर एका ओळीत छापलेले असते. ती ओळ खोटी नसते. पण शेतात हाती येणाऱ्या आकड्यातली मोठी चूक बहुतेक वेळा यंत्राच्या आत होत नाही, ती पान निवडताना, तोडताना, वेळ ठरवताना आणि वाचन घेताना होते. आज हेच दाखवायचे आहे.

सुरुवात प्रेशर चेंबरपासून करतो, कारण इतर यंत्रे बहुधा याच्याशीच ताडून पाहिली जातात. शोलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1965 मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली आणि तिचे तत्त्व आजही तेच आहे. वनस्पतीच्या जलवाहिन्यांतले पाणी ताणलेल्या अवस्थेत असते, त्यामुळे पान तोडताच ते देठाच्या कापापासून आत ओढले जाते. ते पान बंद भांड्यात ठेवून, फक्त देठाचे टोक बाहेर काढून, आत वायूचा दाब हळूहळू वाढवला, की एका क्षणी पाणी पुन्हा कापाच्या पृष्ठभागावर येते. त्या क्षणी दाबमापक 12 बार दाखवत असेल, तर जलविभव, म्हणजे पानातले पाणी किती जोराने ओढलेले आहे याचे माप, उणे 12 बार, म्हणजे उणे 1.2 मेगापास्कल. आकडा जितका अधिक उणे, तितका ताण जास्त.

[पडद्यावर: भिंगातून दिसणारा देठाचा काप]

हा क्षण नीट पाहा. कोरडा, फिकट काप आधी किंचित गडद होतो, मग त्यावर ओलसर चकाकी येते. वाचन घ्यायचे ते इथेच. त्याआधी किंवा त्यासोबत बुडबुडे दिसले, तर तो पुष्कळदा पानातल्या हवेच्या पोकळ्यांतून निसटणारा वायू असतो. चीक असणाऱ्या पिकात पांढरा चीक आधी येतो आणि पाणी आल्याचा भास होतो. अशा वेळी टिपकागदाने काप टिपून पुन्हा पाहावे. दाब भराभर वाढवला, तर पाणी दिसेपर्यंत काटा पुढे निघून गेलेला असतो. 40 बारच्या दाबमापकात पूर्ण मापनकक्षेच्या 1 टक्का चूक धरली तरी ती 0.4 बार होते, मात्र दोन माणसांनी हा क्षण वेगवेगळ्या वेळी ओळखला, तर फरक त्याहून सहज मोठा पडतो.

त्याहूनही मोठी चूक भांड्यात पान जाण्याआधीच झालेली असते. उघडे पान तोडल्यावरही बाष्पोत्सर्जन, म्हणजे पानातून वाफ बाहेर पडणे, चालू राहते, पण मुळांकडून येणारे पाणी तुटलेले असते, त्यामुळे काही सेकंदांतच पान अधिक कोरडे होते आणि यंत्र झाडाला नसलेला ताण दाखवते. म्हणून पान आधी पिशवीत घालावे, पिशवीसकट तोडावे आणि पिशवीसकट चेंबरमध्ये ठेवावे. फळझाडांमध्ये खोडाजवळचे सावलीतले पान प्रकाश परावर्तित करणाऱ्या पिशवीत काही काळ झाकून ठेवतात. त्याचे बाष्पोत्सर्जन थांबते, ते खोडाशी समतोलात येते आणि दुपारचे खोडाचे जलविभव मिळते. उन्हातल्या उघड्या पानापेक्षा हे वाचन पानागणिक कमी बदलते, म्हणून माझा कौल याच पद्धतीला आहे.

पानांना न टेकता त्यांचे तापमान मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर त्यामानाने फारच सोपा वाटतो: रोखला, कळ दाबली, आकडा आला. ताण बसलेले पीक पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरची सूक्ष्म छिद्रे, मिटते, बाष्पोत्सर्जनाने होणारा गारवा घटतो आणि पर्णसंभार तापतो, हे त्यामागचे कारण. आता हिशेब पाहा. हवा कोरडी असताना भरपूर पाणी मिळालेले पीक आणि बाष्पोत्सर्जन थांबलेले पीक यांच्या तापमानांत 8 अंशांचे अंतर आहे असे समजू. यंत्राची चूक 2 अंश असेल, तर शून्य (भरपूर पाणी) ते एक (बाष्पोत्सर्जन बंद) या ताण-निर्देशांकात 0.25 ची चूक झाली. हवा दमट झाली आणि ते अंतर 4 अंशांवर आले, की त्याच यंत्राची तीच चूक निर्देशांकाचा अर्धा भाग व्यापते. यंत्र बदललेले नाही, हवा बदलली आहे.

दुसरी बाब यंत्राच्या नजरेची. 12 ला 1 (अंतराला व्यास) प्रमाणाचा थर्मामीटर 3 मीटरवरून 25 सेंटीमीटर व्यासाचे वर्तुळ पाहतो. पीक विरळ असेल आणि त्या वर्तुळाचा पाव भाग 50 अंशांची तापलेली माती असेल, तर 30 अंशांची पाने यंत्राला सुमारे 35 अंशांची दिसतात. म्हणून तिरक्या कोनातून, जवळून, फक्त पाने दिसतील असे रोखावे. शिवाय सावलीतून उन्हात आणलेले यंत्र स्वतः हवेच्या तापमानाला स्थिरावेपर्यंत वाचन घेऊ नये.

पोरोमीटर पर्णरंध्रांतून वाफ किती सहज बाहेर पडते ते मोजतो. ज्ञात छिद्रांच्या पट्टीवर त्याचे अंशांकन होते, पण ढग आला की पर्णरंध्रे काही मिनिटांत बदलतात, त्यामुळे दोन वाचनांतला फरक पिकाचा की आभाळाचा, हे प्रकाशाची नोंद नसेल तर सांगता येत नाही. पानाजवळच्या बंद हवेच्या आर्द्रतेवरून जलविभव काढणाऱ्या सायक्रोमीटरचे दुखणे वेगळे आहे. 20 अंशांना उणे 1 मेगापास्कल म्हणजे सुमारे 99.26 टक्के सापेक्ष आर्द्रता. शंभरपासूनचा एवढासा फरक त्याला ओळखायचा असतो, म्हणून पान आणि संवेदक यांच्या तापमानांत अंशाच्या शंभराव्या भागाचा फरक पडला, तरी वाचन जवळपास 0.08 मेगापास्कलने चुकते.

या सगळ्यात दोन प्रकारच्या चुका वेगळ्या ओळखाव्या लागतात. कमीजास्त होणारी चूक जास्त पाने मोजून घटते, मात्र ती निम्मी करायला चौपट पाने लागतात. एकाच दिशेची चूक कितीही पाने मोजली तरी हटत नाही. पण एकाच यंत्राने, एकाच वेळी, एकाच रीतीने पाण्याआधी आणि पाण्यानंतर मोजले, तर ती दोन्हीकडे सारखीच असते आणि तुलना टिकते. त्यासाठी प्रत्येक आकड्याशेजारी वेळ, हवेचे तापमान आणि आर्द्रता लिहावी, कारण सौम्य दिवशीचे उणे 8 बार आणि कोरड्या, तप्त दुपारचे उणे 8 बार यांचा अर्थ एक नव्हे.

पिकाचा स्वभावही ध्यानात घ्यावा लागतो. मका ताण जाणवताच पर्णरंध्रे आवळतो आणि दुपारचे जलविभव फारसे घसरू देत नाही. सूर्यफूल ते घसरू देते. त्यामुळे मक्यात निर्दोष प्रेशर चेंबरने, निर्दोष रीतीने घेतलेले दुपारचे वाचनही ताण उशिरा दाखवते. तिथे पहाटे, सूर्य उगवण्यापूर्वी जलविभव मोजावे, आणि दुपारी मोजायचेच असेल तर पोरोमीटर वापरावा.