नानांचा पहाटेचा फेरफटका

श्रोतेहो, नमस्कार. धूर म्हटला की आपल्याला खोकला आठवतो, दमा आठवतो. हृदय कुणाला आठवत नाही. पण प्रदूषित हवेमुळे जे मृत्यू होतात, त्यांत हृदयविकार आणि पक्षाघाताचा वाटा मोठा आहे. पुन्हा सांगतो, नुसती फुप्फुसं नाहीत, हृदयसुद्धा.

धुरातल्या ज्या बारीक कणाला पीएम २.५ म्हणतात, तो केसाच्या जाडीचा जेमतेम तिसावा हिस्सा. तो नाकात अडकत नाही, खोकून पडत नाही, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातो. तिथं त्यानं लावलेली आग, म्हणजे दाह, मग रक्तात उतरते. रक्तवाहिन्या आखडतात, बीपी चढतं, रक्त लवकर गोठू लागतं. २००८ च्या ऑलिंपिकसाठी बीजिंगनं कारखाने बंद केले, गाड्या कमी केल्या. तेव्हा १२५ धडधाकट तरुणांचं रक्त तपासलं, तर गुठळ्यांशी संबंधित घटक उतरलेले! खेळ संपले, धूर परतला, घटकही परतले.

आता आमच्या नानांची गोष्ट. जानेवारी २०१६. मुंबईतलं देवनारचं डम्पिंग ग्राउंड पेटलं होतं. धूर इतका की उपग्रहाच्या फोटोत दिसला, महापालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आम्ही चेंबूरला, खिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबून बसलेले. आणि नाना? कानटोपी घालून साडेपाचला फिरायला! म्हणाले, “पहाटेची हवा शुद्ध असते रे.” अहो, कसली शुद्ध? थंडीत गार हवा जमिनीलगत बसून राहते आणि वरची उबदार हवा रात्रभराचा धूर गोधडीसारखा दाबून धरते. त्यात आमच्या सोसायटीत झाडलेला पाला रोज पहाटे पेटवायचे. त्या पाल्याचं खत करा म्हणून मी दहा वर्षं ओरडतोय. मीटिंगमध्ये चर्चा मात्र पार्किंगचीच होते. असो.

तिसऱ्या दिवशी नाना परत आले ते छाती चोळतच. “ॲसिडिटी आहे, काल वडे खाल्ले.” काकूंनी सोडा कालवला, पेला पुढे केला आणि त्यांचं लक्ष नानांच्या कपाळाकडे गेलं. जानेवारीत घामाचे थेंब! पेला तसाच ओट्यावर ठेवला नि रिक्षा बोलावली. ईसीजी निघाला, संध्याकाळपर्यंत स्टेंट बसला.

डॉक्टरांनी विचारलं, “सिगारेट?” नाना जवळजवळ रागावले. “सुपारीचं खांड तोंडात घालत नाही मी!” “मग फिरायला किती वाजता जाता?” सगळं ऐकून डॉक्टर म्हणाले, “आजोबा, पंधरा वर्षांच्या शुगरनं दारू ठासून ठेवलीच होती. धुरानं बत्ती लावली असणार.”

तेव्हापासून नाना दुपारी साडेचारला फिरतात, तेही पेपरातला हवेचा आकडा बघून. लाल असेल त्या दिवशी घरातल्या घरात, हॉल ते बाल्कनी. मात्र साडेचारला जोडीला कुणी नसतं म्हणून मला ओढून नेतात. आणि वाटेत वड्याची गाडी लागली, की अजूनही तिच्याकडेच बोट दाखवून सांगतात, “यानंच घात केला होता बघ.”