सूप, दत्तक आणि न्यायालय

श्रोतेहो, नमस्कार. धर्मात रस असणाऱ्या अभ्यासकाने कायद्याचा अभ्यास कसा करावा, या विषयावर आज मला बोलायचे आहे. येथे धर्मात रस म्हणजे श्रद्धा असे मला म्हणायचे नाही. श्रद्धा असावी की नसावी, हे ज्याचे त्याने ठरवावे. धर्मग्रंथातले वचन न्यायालयासमोर आले म्हणजे ते कसे वाचायचे, एवढ्यापुरताच आजचा प्रश्न आहे.

आपल्याकडे ही वाट वकिलांनीच पाडली. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे मुंबई उच्च न्यायालयात वकिली करीत. नीलकंठभट्टाच्या ‘व्यवहारमयूख’ या हिंदू कायद्यावरच्या ग्रंथाला एक प्रस्तावना जोडावी, एवढ्याच हेतूने त्यांनी धर्मशास्त्राचा इतिहास जुळवायला घेतला. त्याचा पहिला खंड १९३० साली निघाला आणि पाचवा पुरा व्हायला १९६२ साल उजाडले. मयूखाची गरज वकिलाला का पडावी, असे कोणी विचारील. गुजरातेत, मुंबई बेटावर आणि उत्तर कोकणात वारसाचे तंटे याच ग्रंथाच्या आधारे सुटत होते, हे त्याचे उत्तर आहे. काण्यांच्या आधी, १८८० साली, रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिकांनी या मयूखाचे आणि याज्ञवल्क्यस्मृतीचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले होते. तेही वकीलच होते. संस्कृतावाचून हिंदू कायदा शिकता येतो, हा समज त्या पिढीत कोणाच्या मनाला शिवला नसता. आज तो अभ्यासक्रमातच मुरला आहे, आणि मला त्याचे वाईट वाटते. असो.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. ती सुपाची गोष्ट आहे. सूप कसे असते आणि त्यात धान्य कसे पाखडतात, हे श्रोत्यांना मी सांगायला नको.

वसिष्ठधर्मसूत्रात दत्तकाविषयी एक वचन आहे: ‘न त्वेवैकं पुत्रं दद्यात् प्रतिगृह्णीयाद्वा, स हि संतानाय पूर्वेषाम्.’ एकुलता एक मुलगा दत्तक देऊ नये आणि घेऊही नये, कारण पूर्वजांचा वंश त्यानेच चालवायचा असतो. या वचनाचे दोन भाग आहेत, ते ध्यानात ठेवावेत. पहिल्या भागात निषेध आहे आणि दुसऱ्या भागात त्याचे कारण आहे.

समजा, कोणी आपला एकुलता एक मुलगा दत्तक दिलाच. मुलगा नव्या घरी वाढला, दत्तक बाप वारला आणि भाऊबंदांनी इस्टेटीसाठी दावा लावला. दत्तक वैध धरायचे की अवैध? कलकत्ता आणि मुंबई येथील उच्च न्यायालयांनी ते अवैध ठरवले. मद्रास आणि अलाहाबाद येथील न्यायालयांनी मात्र ते वैध मानले. म्हणजे वचन एकच, पण मुंबईत ज्याचा वारसाहक्क जाई त्याचाच तो अलाहाबादेत टिके.

अलाहाबादच्या पूर्ण पीठाने १८९२ साली हा निकाल दिला, तेव्हा मुख्य न्यायाधीश सर जॉन एज यांच्यासमोर जैमिनीच्या मीमांसेची, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ कसा लावायचा ते सांगणाऱ्या शास्त्राची, चर्चा झाली. मंडलिकांनी आपल्या पुस्तकात म्हटलेच होते की, जैमिनीच्या मताप्रमाणे ज्या वचनाला कारण जोडलेले असते ते विधी म्हणून न घेता अर्थवाद म्हणून घ्यावे. विधी म्हणजे बंधनकारक आज्ञा आणि अर्थवाद म्हणजे स्तुतीचे किंवा शिफारशीचे वाक्य. वसिष्ठाने कारण दिले आहे, तेव्हा त्याचे वचन हा केवळ सल्ला ठरतो. सल्ला मोडणाऱ्याला दोष लागेल, पण दत्तक रद्द होणार नाही, असा हा युक्तिवाद होता.

आता जैमिनी स्वतः काय सांगतो, ते ऐका. वरुणप्रघास नावाच्या यज्ञकर्मात ‘शूर्पेण जुहोति, तेन ह्यन्नं क्रियते’ असे वाक्य येते. सुपाने आहुती द्यावी, कारण सुपाने अन्न तयार होते. यावर पूर्वपक्षी, म्हणजे विरुद्ध बाजू मांडणारा, शंका काढतो, आणि ती शंका मोठी मार्मिक आहे. तो म्हणतो, अन्न तयार होते हेच जर कारण असेल, तर पळीनेही अन्न होते आणि पातेल्यानेही होते. मग पळीने किंवा पातेल्याने आहुती दिली तर काय बिघडले? त्यावर जैमिनीचा सिद्धान्त असा की, तसे चालणार नाही. आहुती सुपानेच द्यायची. ‘सुपाने आहुती द्यावी’ हा विधी आहे आणि ‘कारण सुपाने अन्न होते’ हा भाग त्या सुपाची स्तुती करणारा अर्थवाद आहे. कारणाच्या आधाराने विधी पातळ करता येत नाही आणि त्याची व्याप्ती वाढवताही येत नाही.

श्रोतेहो, हे मी मुद्दाम पुन्हा सांगतो. अर्थवाद ठरतो तो कारणाचा भाग; आज्ञेचा भाग विधीच राहतो. हाच न्याय वसिष्ठाच्या वचनाला लावून पाहा. ‘पूर्वजांच्या वंशासाठी’ हे शब्द अर्थवाद ठरतील, पण ‘एकुलता एक देऊ नये’ हा निषेध जागच्या जागी राहील. म्हणजे मीमांसेतल्या ज्या अधिकरणाच्या, म्हणजे एका प्रश्नाच्या चर्चेच्या, जोरावर निषेध सैल केला गेला, ते अधिकरण शेवटपर्यंत वाचले असता निषेध घट्टच करते. मंडलिकांच्या विद्वत्तेविषयी पूर्ण आदर राखूनही मला हे म्हणावे लागते. अर्थात निषेध मोडून केलेले कृत्य दोषास्पद असले तरी झालेले असते, असे मानायला धर्मशास्त्रात वेगळी जागा आहे. पण तो युक्तिवाद दुसरा, सुपाचा नव्हे.

अखेर हा तंटा लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे त्या काळच्या शेवटच्या अपील न्यायालयापुढे, गेला आणि १८९९ साली तेथे मद्रास व अलाहाबाद येथील दोन अपिलांचा एकत्र निकाल लागून एकुलत्या एका मुलाचे दत्तक वैध ठरले. त्या निकालपत्रातला एक इशारा अभ्यासकाने पाठ करावा असा आहे: धर्म, नीती आणि कायदा एकत्र मिसळलेल्या ग्रंथांत विवेकाला केलेले आवाहन परक्या वकिलांनी घाईने कायदा म्हणून उचलू नये. निकालामागचे हे तारतम्य मला पटते. मात्र कोणते वाक्य आवाहन आणि कोणते आज्ञा, हे ओळखायचे साधन त्या ग्रंथांच्या परंपरेतच तयार होते आणि त्याचे नाव मीमांसा. ज्याला आरंभ करायचा असेल त्याने लौगाक्षिभास्कराचा ‘अर्थसंग्रह’ हा छोटा ग्रंथ घ्यावा. तो एखाद्या शास्त्र्यापाशी बसून वाचावा. बाजारातल्या गाइडाने हे काम होत नाही.

पुढे १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम आला. त्यात एकुलता एक मुलगा दत्तक देण्याला मनाई नाही, म्हणून वसिष्ठाच्या वचनावरचा वाद न्यायालयापुरता मिटला. पण त्याच कायद्याचे अकरावे कलम काढून पाहा. दत्तहोम, म्हणजे दत्तक घेताना करायचे हवन, आवश्यक नाही, असे ते म्हणते. मूल प्रत्यक्ष दिले आणि घेतले गेले पाहिजे, ही अट मात्र ते कायम ठेवते. हा भेद संसदेने नव्याने शोधलेला नाही. शूद्रांच्या दत्तकाला होम लागत नाही, हे न्यायालयांनी त्याआधीच मान्य केले होते आणि सगोत्र दत्तकाच्या बाबतीत मुंबईकडेही तसेच ठरले होते. देणे-घेणे हे मुख्य कर्म आणि होम हे त्याचे अंग, ही मीमांसकांची विभागणी हाताशी असली म्हणजे या कलमातला शब्द न् शब्द कोठून आला ते कळू लागते. नमस्कार.